दुसऱ्या वर्गातला इदाल्गो

स्पेनच्या राजा-राणीने १४९२ साली ज्यूंना देश सोडायला चार महिने दिले होते. शैलेंद्र देवपुजारीला अमेरिकेने साठ दिवस दिले. हा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि मांडून झाल्यावर हसला, कारण चार महिन्यांबद्दलचं वाक्य दोन वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलं होतं आणि त्यात ‘अवघे’ हा शब्द वापरला होता.

नोकरी गेली ती २०२५च्या ऑगस्टमधल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला. मीटिंग ऑनलाइन होती. अकरा मिनिटं चालली. इलेक्ट्रिक गाड्यांचा एक अख्खा प्रोग्राम कंपनीने कॅन्सल केला होता आणि त्या गाड्यांच्या ब्रेकचं काम शैलेंद्रकडे होतं. कोणत्या उतारावर, किती वजनाला, ओल्या रस्त्यावर की बर्फावर, गाडी किती जोरात थांबायला हवी, हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये बसवणारा माणूस तो. सोळा हिवाळे तो मिशिगनच्या उत्तर टोकाला गोठलेल्या तळ्यांवर गाड्या घसरवत आला होता.

मीटिंग संपल्यावर त्याने कॅलेंडर उघडलं आणि साठावा दिवस शोधला. २५ ऑक्टोबर, शनिवार. एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज भरायचा, नाहीतर त्याने चंबूगबाळं आवरायचं. तो राहायचा त्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांत हा नियम शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो.

मुलगी अनिका एकोणीस वर्षांची होती. अर्ध्या तासावर ॲन आर्बरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. या देशात आली तेव्हा तीन वर्षांची होती. वडिलांचा व्हिसा गेला की तिचाही जाणार. वेळेत विद्यार्थी व्हिसाचा अर्ज केला तर ती राहू शकत होती, पण एकटी. तिला मराठी कळायचं, बोलताना मात्र तिसऱ्या शब्दाला अडायची. नागपूर तिच्या दृष्टीने दर तीन वर्षांनी पोट बिघडवून घेण्याची जागा होती. म्हणजे या साठ दिवसांत ठरायचं होतं ते एवढंच, की तो, बायको रुपाली आणि अनिका हे तिघं यापुढे एका देशात राहणार की नाही.

शैलेंद्रच्या आयुष्यात स्पेन कुठून आला, हे तो तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला सांगायचा. २००७ साली पुण्याच्या कंपनीने त्याला सात आठवडे ग्रानादाला पाठवलं होतं. तिथल्या डोंगरउतारावर दिवसभर गाड्या उतरवायच्या आणि ब्रेक किती तापतात ते मोजायचं. रविवारी सुट्टी. पहिल्या रविवारी तो अल्हाम्ब्रा राजवाडा बघायला गेला. राहिलेले सहाही रविवार तिथेच गेला. पुढे नोव्हायला आल्यावर रोज ऑफिसला जाता-येता तासभर ड्राइव्ह करताना स्पेनच्या इतिहासावरची व्याख्यानं ऐकायची सवय लागली. आणि मग मंडळाच्या त्रैमासिकाच्या संपादक शुभाकाकू एकदा पान भरायला काहीतरी मागत होत्या, तेव्हा त्याने दोन पानं लिहून दिली. लेखमालेचं नाव होतं ‘स्पेन : एक घरगुती इतिहास’. ती सहा वर्षं चालली.

लोक ती आवडीने वाचायचे. शैलेंद्रला खवचट लिहायची हातोटी होती. ज्यूंच्या हकालपट्टीबद्दल त्याने लिहिलं होतं : “शेकडो वर्षं तिथे राहिलेल्या लोकांना ग्रानादाच्या राजवाड्यातून कळवण्यात आलं, की तुमचं इथे काम नाही. कळवणाऱ्यांना त्या राजवाड्यात राहायला येऊन तीन महिने झाले होते.” सोनं, चांदी, नाणी न्यायला बंदी होती, म्हणून कुणी घर देऊन गाढव घेतलं, कुणी द्राक्षमळा देऊन कापडाचा तागा. त्यावर शैलेंद्रचा शेरा : “गाढव निदान बरोबर चालतं.”

पण सगळ्यात गाजला तो इदाल्गोंवरचा लेख. इदाल्गो म्हणजे स्पेनमधला खालच्या पायरीवरचा खानदानी माणूस. याला कर माफ. कर्जापायी तुरुंग नाही. जमीन असेलच असं नाही, जेवण असेलच असं नाही, पण हाताने काम करायचं नाही, कारण केलं तर कुळाला बट्टा. आपण खानदानी आहोत हे सिद्ध करायला हे लोक वायादोलिदच्या कोर्टात वर्षानुवर्षं दावे लढवत. त्या दाव्यांची हजारो बाडं तिथे अजून आहेत. अखेरीस १७८३ साली राजाला फर्मान काढावं लागलं, की लोहारकाम, शिंपीकाम, कातडी कमावणं ही कामं प्रामाणिक आहेत आणि ती केल्याने कुणाचं खानदान बुडत नाही. शैलेंद्रने शेवटी लिहिलं होतं : “एखाद्या देशाच्या राजाला हे कायद्याने सांगावं लागतं, तेव्हा त्या देशाचं काय झालं असेल ते वाचकांनी ताडावं.” मंडळाच्या गणपतीत दोघा-तिघांनी त्याला थांबवून या वाक्याबद्दल हात मिळवला होता.

नोकरी गेली त्याच आठवड्यात गुरुदत्त घरी आला. तो त्याच कंपनीत होता, त्याच मीटिंगमध्ये त्याचीही नोकरी गेली होती.

“काय स्पेनचे महाराज, राज्य गेलं म्हणे!” तो दारातूनच ओरडला.

“तुझंही गेलंय.”

“माझं गेलं ना. पण मी कुठे चाललोय? तीन आठवडे मस्त झोपणार. पोरीच्या सॉकरला जाणार. जॉबचं ऑक्टोबरमध्ये बघू यार.”

मग त्याला चहा घेऊन उभी असलेली रुपाली दिसली आणि त्याचा आवाज उतरला. “सॉरी वहिनी. मी आपलं असंच बोललो.”

गुरुदत्त निर्धास्त होता त्याला कारण होतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत नोकरीवाल्यांचे वर्ग असतात. मास्टर्स केलेले, वरच्या पदावरचे दुसऱ्या वर्गात. त्याखालचे तिसऱ्या. प्रत्येकाची तारीख म्हणजे त्याचा पहिला अर्ज गेला तो दिवस, आणि वर्गाची तारीख म्हणजे कोणत्या दिवसापर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला तो. एरवी दुसरा वर्ग पुढे असतो. पण २०२०च्या ऑक्टोबरमध्ये अचानक उलटं झालं. भारतीयांसाठी तिसऱ्या वर्गाची तारीख उडी मारून दुसऱ्याच्या कितीतरी पुढे गेली. दुसऱ्या वर्गातल्या हजारो लोकांनी त्या काही आठवड्यांत वकिलांना गाठलं, स्वतःला तिसऱ्या वर्गात उतरवून घेतलं आणि शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरून टाकला. त्यांना वर्षभरात घरातल्या प्रत्येकासाठी वर्क कार्ड मिळालं. मग नोकरी गेली तरी कुणी त्यांना साठ दिवस मोजायला लावत नव्हतं. गुरुदत्त त्यांच्यातला. शैलेंद्रची तारीख ११ डिसेंबर २०१४. त्यालाही जमलं असतं. तो दुसऱ्याच वर्गात राहिला. दोन वर्षांनी दुसरा वर्ग पुढे सरकला, सरकत सरकत १ डिसेंबर २०१४ला येऊन थांबला आणि मग मागे गेला. दहा दिवस कमी पडले.

“तुमचा वकील भलताच निघाला वहिनी,” जाताना बूट घालत गुरुदत्त म्हणाला. “आमच्या सगळ्यांच्या वकिलांनी करा म्हणून सांगितलं. ह्याचाच कसा नको म्हणाला कोण जाणे.”

रुपालीने शैलेंद्रकडे पाहिलं. तो दाराबाहेर उभी असलेली गुरुदत्तची गाडी बघत होता.

सप्टेंबरात त्याने एकवीस ठिकाणी अर्ज केले. सहा ठिकाणी बोलणं झालं. दोन ठिकाणी ते चांगलं झालं. एकीकडे शेवटच्या फेरीत त्याला विचारलं, की तुम्हाला व्हिसा लागेल का. तो हो म्हणाला. पलीकडच्या बाईने “थँक यू फॉर युअर ऑनेस्टी” असं म्हटलं, आणि त्यानंतर तिचा ईमेल आला नाही. दुसऱ्या कंपनीने ऑफर तोंडी दिली, चार दिवसांनी तोंडीच मागे घेतली. त्या शरद ऋतूत व्हिसाचे नियम दर पंधरा दिवसांनी बदलत होते आणि नवीन परदेशी माणूस अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. शैलेंद्र काही नवीन नव्हता. पण सोळा वर्षं हा अर्जातला एक रकाना होता, आणि तो रकाना कुणी वाचत नव्हतं.

अडतिसाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, रुपाली अनिकाच्या विद्यार्थी व्हिसासाठी जुनी कागदपत्रं गोळा करत होती. मंजुरीच्या एका पत्राची प्रत सापडेना, म्हणून तिने शैलेंद्रच्याच लॅपटॉपवर त्याच्या ईमेलमध्ये वकिलाचं नाव टाकून शोधलं. शैलेंद्र लायब्ररीतून परत आला तेव्हा ती डायनिंग टेबलाशी बसली होती. लॅपटॉप तिने त्याच्या खुर्चीकडे वळवून ठेवला होता.

“वाच,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“मी वाचते मग. नऊ ऑक्टोबर दोन हजार वीस. तुझा वकील लिहितोय, की तिसऱ्या वर्गात अर्ज करावा असा आमचा ठाम सल्ला आहे. कंपनी तयार आहे. फक्त तुमची सही हवी. ही संधी पुन्हा येईलच असं नाही.” ती थांबली. “आता तुझं उत्तर वाचू?”

“रुपाली—”

“‘माझ्या शिक्षणाला आणि पदाला दुसरा वर्गच योग्य आहे. खाली जाण्याची माझी इच्छा नाही.’ दोन ओळी. रीगार्ड्स, शैलेंद्र.” तिने लॅपटॉप मिटला. “तू मला सांगितलंस, वकील नको म्हणतोय.”

तो बसला. मग त्याने वडिलांचं सांगायला सुरुवात केली, आणि ते रुपालीला माहीत होतं, तरी तिने ऐकून घेतलं. वडील नागपूरला पाटबंधारे खात्यात कारकून. वर्ग तीन. चौतीस वर्षं. वर्ग दोनच्या परीक्षेला तीनदा बसले. शैलेंद्र नऊ वर्षांचा असताना डबा द्यायला गेला, तेव्हा वडील साहेबाच्या केबिनबाहेर हिरव्या पडद्याला नाक लावून फाइल धरून उभे होते. साहेब वर्ग दोन, वयाने वडिलांहून बारा वर्षांनी लहान. आत साहेब फोनवर क्रिकेटबद्दल बोलत होता. अर्धा तास. २०१५ साली शैलेंद्रच्या ग्रीन कार्डाचा पहिला कागद मंजूर झाला तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांना सांगितलं, मुलगा अमेरिकेत सेकंड क्लासमध्ये आहे. नात्यातल्या एकाने विचारलं, म्हणजे रेल्वेच्या का, तर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

“त्यांना काय सांगणार होतो मी? की आता तिसऱ्यात गेलो?”

“सांगायचं कशाला होतं?” रुपालीने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. “नागपुरात कोण तुझा फॉर्म तपासायला येणार होतं?”

पाच वर्षांत हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

“आणि तू इदाल्गोंवर जोक करत होतास. सगळ्या मंडळाला हसवलंस. मी प्रूफं वाचली त्याची.” ती उठली. “अनिकाला तू सांगायचं. मी सांगणार नाही. पण न सांगता विमानात बसायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी शुभाकाकूंचा फोन आला. त्या सत्तरीच्या पुढच्या, नोव्हायला येऊन चाळीस वर्षं झालेल्या. नोकरीचं त्यांना कळलं होतं. त्याबद्दल त्यांनी दोन वाक्यं नीट, मनापासून म्हटली आणि मग अंकाकडे वळल्या.

“तुझा दिवाळी अंकातला लेख फार छान झालाय रे शैलेंद्र. मोरिस्कोंचा. मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला.”

मोरिस्को म्हणजे बाटून ख्रिश्चन झालेले मुसलमान. १६०९पासून पाच वर्षांत स्पेनने त्यांनाही बाहेर काढलं. शैलेंद्रने हा लेख जुलैत, नोकरी असताना लिहून पाठवला होता.

“काकू, तो लेख काढता येईल का?”

“अरे, काढू कसा? अंक छापायला गेला. आणि का काढायचा? ते मुलांचं किती मार्मिक लिहिलंयस तू. ‘आफ्रिकेला जाणाऱ्यांनी सात वर्षांखालची मुलं इथेच ठेवावीत असा हुकूम निघाला. आत्म्याची काळजी राज्याने घेतली, आईबापांना फक्त प्रवास करायचा होता. मग आईबापांनी फ्रान्सला जातो असं सांगायला सुरुवात केली. स्पेनच्या इतिहासात भूगोलाचा इतका उपयोग क्वचितच कुणी केला असेल.’ आमचे हे किती हसले!”

“हो,” शैलेंद्र म्हणाला.

“ऐकतोयस ना?”

“ऐकतोय काकू.”

शेहेचाळिसाव्या दिवशी नकुलने बोलावलं. नकुल इथेच जन्मलेला, चौतिशीतला. त्याचे आईवडील शैलेंद्रच्या ओळखीचे. जवळच्या विक्सम गावात त्याचं वर्कशॉप होतं. ट्रकचे जुने ब्रेक खोलायचे, झिजलेले भाग बदलायचे, पुन्हा जोडून द्यायचे. तिथे आठ माणसं काम करत, सगळी हाताने.

“शैलेंद्रकाका, आय विल बी स्ट्रेट विथ यू,” तो म्हणाला. “माझ्याकडे इंजिनियरचं काम नाहीये. टेक्निशियनचं आहे. यू नो ब्रेक्स बेटर दॅन एनीवन आय नो. पण इट्स... म्हणजे, हातानं करायचं काम आहे. ग्रीस वगैरे. तुम्हाला चालेल का, आय डोन्ट नो.”

“चालेल,” शैलेंद्र म्हणाला.

“यू कॅन थिंक अबाउट इट—”

“विचार झाला. मला चालेल.”

त्याने त्याच दिवशी ओव्हरऑल घालून एक ब्रेक खोलून दाखवला. परत येताना त्याच्या नखांत काळं होतं, आणि रुपालीशी तो आठवडाभरात पहिल्यांदा सलग बोलला. नकुल चांगला आहे, घरापासून वीस मिनिटं आहे, उन्हाळ्यात अनिकाला तिथे फोन घ्यायचं काम मिळेल. रुपालीने त्याला जेवायला वाढलं. मग त्याच्यासमोर बसली.

सोमवारी वकिलाशी बोलणं झालं. हा वकील नवा होता, तरुण होता आणि त्याला वाईट वाटत होतं हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. एच-वन व्हिसा कुणालाही कुठल्याही कामाला मिळत नाही, त्याने समजावलं. जे काम करायला पदवी लागतेच, त्याच कामाला मिळतो. ब्रेक खोलण्याच्या कामाला पदवी लागत नाही.

“पण माझ्याकडे आहे ना पदवी,” शैलेंद्र म्हणाला.

“तुमच्याकडे आहे. कामाकडे नाही.”

“मी कमी पगारावर करायला तयार आहे. मालक तयार आहे.”

“मिस्टर देवपुजारी, तुम्हाला खाली उतरायची परवानगी नाही,” वकील म्हणाला. बोलून झाल्यावर ते कसं ऐकू गेलं असेल हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने लगेच माफी मागितली.

शैलेंद्रने त्याला विचारलं, की २०२०मध्ये सही केली असती तर हे काम करता आलं असतं का. वकील जरा घुटमळला. मग म्हणाला, की त्याच्याही काही अटी असतात. पण शोधायला वेळ मिळाला असता, भरपूर. आणि निघावं तर नक्कीच लागलं नसतं.

अनिकाच्या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज मुदतीत गेला. तिकिटं गुरुवार, २३ ऑक्टोबरची निघाली, दोन दिवस हातात राखून. दिवाळी तीन दिवसांपूर्वी झाली होती. रुपालीने फराळ केला नव्हता. शुभाकाकूंनी पाठवलेली चिवड्याची पिशवी अनिकाच्या रूमवर गेली. घर भाड्याचं होतं. सोफा एका चिनी जोडप्याने नेला, जेवणाचं टेबल कुणीच नेलं नाही. गाडी अनिकाच्या नावावर करून दिली होती, म्हणून विमानतळावर ड्राइव्ह करायला तीच बसली. शैलेंद्र तिच्या शेजारी, रुपाली मागे.

गाडी हायवेला लागल्यावर मागून रुपाली म्हणाली, “शैलेंद्र.” एवढंच.

तेव्हा त्याने सांगितलं. त्याने सगळं क्रमाने सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं. कोणत्या साली काय झालं, वकिलाने काय लिहिलं, त्याने काय उत्तर दिलं, आईला काय खोटं सांगितलं. वडिलांचा पडदा आणि पेढे त्याने यात घातले नाहीत. अनिकाचे हात स्टिअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.

“सो इफ यू हॅड साइन्ड इट,” ती थोड्या वेळाने म्हणाली, “तर तुम्ही आज जात नसता.”

“नाही.”

“आणि मी... आय वुड हॅव हॅड अ कार्ड. लाइक रिया ॲन्ड देम.” रिया म्हणजे गुरुदत्तची मुलगी.

“हो.”

“ॲन्ड यू डिडन्ट बिकॉज व्हॉट? इट साउंडेड लेस?”

त्याला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याने मनात मराठीत जुळवलं, मग इंग्रजीत, आणि दोन्हीकडे ते सारखंच दिसलं. “हो,” तो म्हणाला.

“ओके,” अनिका म्हणाली. मग तिने ब्लिंकर दिला आणि लेन बदलली.

बॅगा तिने उतरवल्या. चारही, एकटीने. शैलेंद्र हात लावायला पुढे झाला तर म्हणाली, “आय गॉट इट.” आईला तिने बराच वेळ धरून ठेवलं. रुपाली तिच्या कानात मराठीत काहीतरी सांगत होती आणि ती मान हलवत होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग ती शैलेंद्रकडे आली, एक हात त्याच्या खांद्यावरून टाकला, काढला. “माझा क्लास आहे दोन वाजता, बाबा,” ती म्हणाली. हे वाक्य तिने एकदाही न अडता म्हटलं.

आत काउंटरवर रांग नव्हती. या देशातून बाहेर पडताना सरकारचा माणूस भेटत नाही. शिक्का मारणारा नाही, किती वर्षं होतात असं विचारणारा नाही. पासपोर्ट पाहिला तो एअरलाइनच्या मुलीने, आणि तोही पुढचा देश तुम्हाला आत घेईल ना, एवढं बघायला. दोन्ही भारतीय पासपोर्ट, मुक्काम भारत. तिने व्हिसाचं पान उलटलंसुद्धा नाही. बॅगांना चिठ्ठ्या लावल्या, पट्ट्यावर ढकलल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.